संगणकाशी गट्टी : म्हाताऱ्या संगणकाला दमवू नका!



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं, की शाळेच्या संगणक कक्षासमोर रांग लागते. पूर्वी प्रदर्शन म्हटलं की पुठ्ठ्याचे तक्ते आणि थर्माकोलची मॉडेल्स. तक्ते आजही असतात, पण त्यांच्या जोडीला आता प्रेझेंटेशन आलं आहे. त्यात फोटो हवेत, व्हिडिओ हवा, आवाज हवा. आणि ते दाखवायचं कशावर? तर कक्षात दहा-बारा वर्षं इमानेइतबारे काम करणाऱ्या म्हाताऱ्या संगणकावर!

समजा, तुम्ही राणी पाकोळीवर प्रेझेंटेशन केलं आहे. राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉरमॉन, २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेलं. परसातल्या लिंबाच्या झाडावर तुम्हाला तिची अंडी सापडली. रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी आईचा मोबाईल मागून घेऊन तुम्ही फोटो काढलेत. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी, मग हिरवीगार झालेली अळी, मग कोश. आणि नशिबाने कोशातून फुलपाखरू बाहेर येतानाचा व्हिडिओसुद्धा मिळाला.

घरी सगळं झकास चालतं. शाळेत परीक्षक समोर उभे राहतात, तुम्ही बटण दाबता आणि चित्र जागच्या जागी गोठतं. आवाज पुढे पळतो, चित्र मागे राहतं. परीक्षक घड्याळाकडे बघायला लागतात. मिळालेली पाच मिनिटं अशीच संपतात आणि महिनाभराची मेहनत कोणाला दिसतच नाही.

मग मुलं म्हणतात, “शाळेचा संगणकच डबडा आहे.” सर म्हणतात, “तुमची फाईलच जड आहे.” दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण शाळेचा संगणक बदलणं तुमच्या हातात नाही. फाईल मात्र तुमचीच आहे. म्हणून आज आपण शिकणार आहोत, जुन्या संगणकावरही प्रेझेंटेशन न अडखळता कसं चालवायचं ते.

पंगत बसल्यावर भाजी चिरायची नाही

लग्नाच्या पंगतीत वाढपी भराभर वाढतात, कारण भाजी चिरणं, पीठ मळणं ही सगळी कामं आधीच उरकलेली असतात. पानं मांडून झाल्यावर आचाऱ्याने भाजी चिरायला घेतली तर? पंगत ताटकळेल. मग आचारी कितीही चांगला असो!

प्रेझेंटेशन अडखळतं तेव्हा नेमकं हेच होत असतं. मोठे फोटो लहान करणं, घट्ट आवळलेला व्हिडिओ उलगडणं, अक्षरं हवेत उडवणं ही सगळी कामं आपण संगणकाला ऐन वेळी करायला लावतो. आजचा मंत्र एकच लक्षात ठेवा : जे काम आधी करता येतं, ते आधीच करून ठेवायचं. आता ते कसं, ते एकेक करून बघू.

फोटोचं खरं वजन

मोबाईलच्या कॅमेऱ्यावर ‘१२ मेगापिक्सेल’ असं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. याचा अर्थ, त्या फोटोत आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके असतात. गुणाकार करा बरं. झाले १ कोटी २० लाख ठिपके! प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे तीन आकडे, म्हणजे किमान ३ बाइट लागतात. म्हणजे एका फोटोला झाले ३ कोटी ६० लाख बाइट, साधारण ३६ एमबी.

तुम्ही म्हणाल, “पण आमची फाईल तर फक्त ३-४ एमबीचीच दिसते.” बरोबर आहे. कारण मोबाईलने तो फोटो घडी घालून ठेवलेला असतो. प्रवासाच्या बॅगेत गोधडी दाबून भरतो ना, तसा. पण पडद्यावर दाखवायचा म्हटलं की घडी उलगडावीच लागते आणि मग गोधडी सगळी खोली व्यापते.

आता शाळेच्या संगणकाचा पडदा बघा. बऱ्याच पडद्यांवर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके मावतात. म्हणजे सगळे मिळून साडेदहा लाखांच्या आसपास. तुमच्या फोटोत त्याच्या अकरा पटींहून जास्त ठिपके आहेत! जादा ठिपके पडद्यावर दिसणारच नसतात, पण त्यांचं ओझं संगणकाला वाहावंच लागतं. एका स्लाइडवर असे चार फोटो तसेच्या तसे टाकले, तर ती स्लाइड आली की जवळजवळ १४४ एमबी उलगडावे लागतात.

हे उलगडायचं कुठे? तर रॅममध्ये. रॅम म्हणजे वर्गातला तुमचा बाक. त्यावर ठेवलेली वही हात लांबवला की मिळते. हार्ड डिस्क म्हणजे ग्रंथालयाचं कपाट. तिथे पुस्तकं पुष्कळ मावतात, पण उठून जावं लागतं. जुन्या संगणकात रॅम एक किंवा दोन जीबीच असते आणि त्यातली बरीचशी विंडोज आणि अँटिव्हायरस आधीच अडवून बसलेले असतात. बाक भरला की संगणक काही वह्या उचलून कपाटात ठेवतो आणि लागल्या की परत आणायला धावतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला वेगवेगळ्या ठिकाणची माहिती वेचायची असेल, तर सेकंदाला शंभरेक ठिकाणंच गाठता येतात. रॅमला तेवढ्या वेळात लाखो ठिकाणं गाठता येतात. संगणकातून ‘कुर्रकुर्र’ आवाज येतो आणि पडदा गोठतो, तेव्हा ही धावाधाव सुरू आहे असं समजा.

उपाय सोपा आहे

फोटो स्लाइडमध्ये टाकण्याआधीच लहान करा. विंडोजमधल्या पेंट या साध्या प्रोग्रॅममध्ये हे होतं. फोटो उघडा, ‘रीसाइझ’वर टिचकी मारा, ‘पिक्सेल्स’ निवडा आणि आडव्या मापात १३६६ लिहा. उभं माप आपोआप बदलतं. मात्र लांबी-रुंदीचं प्रमाण राखण्याची खूण केलेली असली पाहिजे, नाहीतर राणी पाकोळी चपटी दिसेल! फोटो अर्ध्याच स्लाइडवर बसणार असेल, तर ७०० ठिपकेही पुरतात. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे ही लहान प्रत नव्या नावाने जतन करा. मूळ फोटो जपून ठेवा, तो पुन्हा मिळायचा नाही.

स्लाइडमध्ये टाकल्यावर कोपरा ओढून फोटो लहान केला तर चालेल का? नाही. तो फक्त लहान दिसतो, आतले ठिपके तेवढेच राहतात. कडा कापल्या तरी कापलेला भाग फाईलमध्ये लपून बसलेला असतो. फोटो आधीच टाकून झाले असतील, तर पॉवरपॉइंटमध्ये फोटोवर टिचकी मारा आणि ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ वापरा. कापलेले भाग काढून टाकण्याचा पर्याय तिथेच आहे. लिब्रेऑफिस वापरत असाल, तर ‘टूल्स’मध्ये ‘मिनिमाइझ प्रेझेंटेशन’ शोधा.

व्हिडिओ : सर्वात मोठा पैलवान

फोटो एकदा उलगडला की काम झालं. व्हिडिओत मात्र सेकंदाला ३० चित्रं उलगडावी लागतात आणि तीही वेळेवर. एका चित्राच्या वाट्याला येतो सेकंदाचा तिसावा भाग. तेवढ्यात काम झालं नाही, तर संगणक ते चित्र गाळून पुढे जातो. यालाच आपण ‘अडकतंय’ म्हणतो.

थोडं गणित करू. मोबाईलचा ‘४के’ व्हिडिओ म्हणजे एका चित्रात ३८४० गुणिले २१६० ठिपके. ‘७२०पी’ व्हिडिओत १२८० गुणिले ७२०. भागाकार करून बघा, उत्तर बरोबर ९ येतं. एका माणसाने उचलायचं ओझं नऊपट केलं, तर तो बसेलच ना खाली? शाळेच्या पडद्यावर ७२०पी अगदी छान दिसतं. तेवढंच पुरे.

दुसरी गोष्ट, घडी कशी घातली आहे ती. व्हिडिओ आवळण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. एच.२६४ ही पद्धत २००३ सालची आणि एच.२६५ ही २०१३ सालची. नव्या पद्धतीत फाईल लहान होते, पण उलगडायला कष्ट जास्त पडतात. नव्या संगणकांत त्यासाठी खास सोय असते. जुन्यांत नसते, म्हणून सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. त्यामुळे कधीकधी लहान फाईलच जास्त अडखळते! फाईलच्या एमबीवर विसंबून राहू नका. जुन्या संगणकासाठी एच.२६४ पद्धतीचा, ७२०पीचा, एमपी४ व्हिडिओ हे माप ठरवून टाका.

हे रूपांतर हँडब्रेक या फुकट प्रोग्रॅममध्ये करता येतं. त्यात ‘फास्ट ७२०पी३०’ नावाची तयार मोजणी आहे. ती निवडली की झालं. घरी संगणक नसेल, तर मोबाईलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये चित्रीकरणाआधीच ७२०पी निवडा. नव्या मोबाईलमध्ये ‘हाय एफिशिअन्सी’ असं काही दिसलं तर ते बंद करा.

आणखी एक युक्ती. व्हिडिओ आवळताना दर वेळी पूर्ण चित्र साठवत नाहीत. एक पूर्ण चित्र साठवायचं आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं ते लिहायचं, अशी ती पद्धत असते. मोबाईल हातात धरून हलवत चित्रीकरण केलं, तर पान, फांदी, भिंत सगळंच सारखं बदलत राहतं. मोबाईल विटेला टेकवून स्थिर ठेवला, तर फक्त फुलपाखरू हलतं. चित्रही सुरेख येतं आणि ओझंही हलकं होतं. एका दगडात दोन पक्षी! आणि व्हिडिओ छाटून ठेवा. पाच मिनिटांत दाखवायला ३०-४० सेकंद पुष्कळ झाले.

शाळेतलं पॉवरपॉइंट कोणत्या सालचं आहे, हेही आधी विचारून घ्या. २०१३ किंवा त्यानंतरचं असेल तर एमपी४ निमूट चालतो. २०१० चं असेल तर डब्ल्यूएमव्ही प्रकारचा व्हिडिओ बरा. आणि २००७ चं असेल तर व्हिडिओ प्रेझेंटेशनच्या पोटात जातच नाही, फक्त त्याचा पत्ता लिहिला जातो. म्हणून व्हिडिओ आणि प्रेझेंटेशन एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि तो अख्खा फोल्डर न्या. नाहीतर शाळेत पोचल्यावर कळतं, की व्हिडिओ घरीच राहिला!

नाचणारी अक्षरं आणि रुसलेली अक्षरं

अक्षरं गिरक्या घेत येतात, स्लाइड विरघळत जाते, फोटोला सावली पडते. करायला मजा येते, कबूल. पण त्यातल्या प्रत्येक हालचालीसाठी संगणकाला पुनःपुन्हा नवं चित्र रंगवावं लागतं. मागे मोठा फोटो असेल तर विचारूच नका. त्याऐवजी हे करून बघा. अळीच्या पाच अवस्थांचे पाच फोटो पाच स्लाइडवर अगदी एकाच जागी ठेवा आणि बटण दाबत जा. अळी डोळ्यांसमोर वाढताना दिसेल, आणि संगणकाला दम लागणार नाही.

आता अक्षरांचं. मराठी अक्षरं शाळेच्या संगणकावर कधी चौकोन चौकोन दिसतात, कधी भलतीच चिन्हं दिसतात. तुम्ही वापरलेला फॉन्ट तिथे नसला की असं होतं. मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा. विंडोज ७ वर मंगल हा फॉन्ट असतो, विंडोज ८ पासून पुढे निर्मला यूआय असतो. यांपैकी जो शाळेत आहे तो वापरा. शिवाय प्रेझेंटेशनची एक पीडीएफ प्रत काढून ठेवा. तिच्यात फॉन्ट सोबतच जातो, त्यामुळे अक्षरं बिघडत नाहीत. पीडीएफमध्ये व्हिडिओ चालणार नाही, पण तुमची माहिती आणि फोटो तर दिसतील. एवढ्याने लाज राखली जाते.

तीसहून अधिक वर्षांपूर्वीची हिकमत

तुम्हाला वाटेल, जुन्या संगणकाशी झगडणारे आपणच पहिले. छे! १९९१ च्या सुमारास ‘मल्टिमीडिया संगणक’ कशाला म्हणायचं याचं एक माप ठरलं होतं. किती रॅम सांगितली होती त्यात? फक्त २ एमबी! शाळेतल्या २ जीबीच्या संगणकाच्या हजारावा भाग. हार्ड डिस्क ३० एमबीची. म्हणजे तुमचे आठ-दहा फोटो टाकले की भरली. सीडीवरून सेकंदाला १५० केबी माहिती वाचता येत असे. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचा पडदाभर व्हिडिओ न आवळता दाखवायचा, तर त्याच्या बरोबर १५० पट वेग लागला असता.

मग त्या काळच्या लोकांनी काय केलं? हात टेकले नाहीत. त्यांनी व्हिडिओची खिडकीच लहान केली, १६० गुणिले १२० ठिपक्यांची, म्हणजे पडद्याचा सोळावा भाग. सेकंदाला २५ ऐवजी दहा-पंधराच चित्रं दाखवली. आवळण्याच्या नव्या पद्धती शोधल्या. टपाल तिकिटाएवढ्या त्या खिडकीत हलणारं चित्र बघून लोक थक्क होत असत. आपला संगणक काय करू शकतो, हे त्यांनी आधी मोजलं आणि मग त्या मापाचं काम त्याला दिलं. तुम्हालाही तेच करायचं आहे, आणि तुमचा संगणक तर त्यांच्यापेक्षा कितीतरी दांडगा आहे.

करून पाहा

मोबाईलमधले चार फोटो घ्या. एका स्लाइडवर ते मूळ आकारात टाका आणि ‘मोठी’ या नावाने जतन करा. दुसऱ्या फाईलमध्ये तेच फोटो पेंटमध्ये लहान करून टाका आणि तिला ‘छोटी’ नाव द्या. आता एफ५ दाबून दोन्ही चालवा. स्लाइड दिसायला किती वेळ लागतो, ते मित्राला घड्याळ लावून मोजायला सांगा. मग वर्गमित्रांना विचारा, कोणती फाईल कोणती ते पडद्याकडे बघून ओळखता येतं का? बहुतेकांना ओळखता येणार नाही. जे डोळ्यांना दिसतच नाही, त्यासाठी संगणकाला का राबवायचं?

प्रदर्शनाच्या दिवशी

१. पेन ड्राइव्हवरून थेट प्रेझेंटेशन चालवू नका. फोल्डर आधी संगणकावर उतरवून घ्या. पेन ड्राइव्ह संथ असतो आणि धक्का लागून निघालाही जातो.
२. संगणक एकदा बंद करून पुन्हा चालू करा. बाकीचे प्रोग्रॅम आणि इंटरनेटच्या खिडक्या बंद ठेवा. बाक रिकामा राहील.
३. परीक्षक येण्याआधी सगळ्या स्लाइड एकदा शेवटपर्यंत चालवून बघा. व्हिडिओही पूर्ण चालवा.
४. मध्येच काही बिघडलं, तर इंग्रजी बी हे अक्षर दाबा. पडदा काळा होतो. शांतपणे बोलत राहा. पुन्हा बी दाबलं की स्लाइड परत येते.
५. तुम्ही काय पाहिलंत, ते स्लाइडशिवायही सांगता आलं पाहिजे. अळी तुम्ही पाहिली आहे, संगणकाने नाही!

आई-बाबांसाठी चार ओळी

पालकहो, मुलांचं प्रेझेंटेशन अडकतं म्हणून लगेच नवा लॅपटॉप घ्यायची गरज नाही. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी मुलाला किंवा मुलीला शाळेच्याच संगणकावर एकदा रंगीत तालीम करू द्या, सरांना किंवा बाईंना तशी विनंती करा. मोबाईलवरचे फोटो लहान करण्याची एक सोपी वाट तुमच्या हातातच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या दर्जात पाठवलेला फोटो आपोआप लहान होतो, आणि स्लाइडसाठी तो बहुधा पुरतो.

शाळेला मदत करायची इच्छा असेल, तर जुन्या संगणकात थोडी रॅम वाढवणं आणि फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसवणं हा नव्या संगणकापेक्षा पुष्कळ कमी खर्चाचा उपाय आहे. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये बंद झाले आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अशा संगणकांवर इंटरनेटवरून काहीबाही उतरवणं टाळलेलं बरं. केरळच्या सरकारी शाळांमध्ये लिनक्स वापरतात, तोही पर्याय शाळेत जरूर सुचवा.

मुलांनो, प्रत्येक शाळेत नवे कोरे संगणक नाहीत. पण म्हणून तुमची राणी पाकोळी पडद्यावर उडायची थांबता कामा नये. आधी थोडी तयारी केली, तर म्हातारा संगणकही तिला छान उडवून दाखवील.

डोकं चालवा!

एका फोटोत ३००० गुणिले २००० ठिपके आहेत. तो तुम्ही १२०० गुणिले ८०० असा लहान केला. ठिपके किती पटीने कमी झाले? आणि प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट धरले, तर एका फोटोमागे किती बाइट वाचले? कॅल्क्युलेटर न घेता सोडवा. उत्तर पुढच्या अंकात.

तोवर, संगणकाशी गट्टी कायम ठेवा!